डागडुजीची विद्या

वैशाख सरत आला की कोकणातल्या आणि मावळातल्या घरांमध्ये पूर्वी एक ठरलेली लगबग सुरू होत असे. कौले परतली जात, गवताचे छप्पर असेल तर ते नव्याने शाकारले जाई, पावसाच्या तोंडाच्या भिंतीला नारळाचे झाप बांधले जात. भिंतींना वर्षभरात पडलेल्या भेगा माती, शेण आणि भुसा यांच्या काल्याने लिंपल्या जात. जोत्याची ढासळलेली कड पुन्हा बसवली जाई. कौलांसाठी क्वचित एखादा जाणता गडी येई. बाकी सारे काम घरची माणसे, आणि त्यातही मुख्यत्वे घरच्या बायका, आपल्या हातांनी करीत. कोणती माती चिकट आणि कोणती वाळताना तडकणारी, सारवण किती पातळ असावे, भेगेत आधी पाणी का शिंपडावे, पहिला हात वाळल्याखेरीज दुसरा का देऊ नये, हे सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे बोलता बोलता जात असे. त्याला कोणी विद्या म्हटले नाही. परंतु इमारतीच्या पृष्ठभागाची निगा कशी राखावी याचे ते शिक्षणच होते, आणि ते पोचले नाही असे घर विरळा.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मातीच्या भिंतीला वाळवी लागे, पुरात ती विरघळे, आणि दर चार-आठ दिवसांनी सारवणाची बादली उचलणाऱ्या बाईची पाठ मोडून जाई. सिमेंटचे घर आले तेव्हा सर्वांत मोठा श्वास तिनेच सोडला असेल आणि त्यात गैर काहीच नव्हते. परंतु त्या जुन्या घरात एक शहाणपण होते. घर नाशवंत आहे, दर वर्षी त्याला माणसाचा हात लागला पाहिजे, ही गोष्ट तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती. सिमेंटबरोबर घराघरांत शिरला तो नेमका याच्या उलट समज: की हे घर एकदा बांधले म्हणजे झाले.

‘पक्के’ या शब्दाचा घोटाळा

मराठीत अशा घराला ‘पक्के घर’ म्हणतात. सरकारी योजनांच्या कागदांतही हाच शब्द आहे. त्यातून सुचणारी कायमपणाची कल्पना मात्र खोटी आहे. लोखंडी सळया घातलेले काँक्रीट हा टिकाऊ पदार्थ खरा, पण त्याचा टिकाऊपणा बव्हंशी त्याच्या वरच्या इंचभर थरावर अवलंबून असतो. ताज्या काँक्रीटचा गुणधर्म तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यामुळे आतल्या सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरला जातो. तो शाबूत असेपर्यंत लोखंड गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून ही अल्कधर्मिता कमी करीत जातो. समुद्रकाठी खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड तर तो पापुद्राच थेट फोडतात. भेगेतून, फुटक्या पाइपाच्या सांध्यातून किंवा गच्चीच्या उखडलेल्या कोब्यातून पाणी पोचले की गंज सुरू होतो. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागते. ती जागा नसते. म्हणून काँक्रीट आतून फुटते, स्लॅबचा खालचा थर सुटतो आणि एके दिवशी झोपलेल्या माणसाच्या अंगावर पडतो.

हे सारे एका रात्रीत होत नाही. आधी केसासारखी एक रेघ उमटते. ती सळईच्या दिशेने सरळ धावते, आणि तिच्यातून तांबूस डाग ओघळतो. त्यानंतर तेवढा भाग ठोकला तर बद्द वाजू लागतो. या प्रत्येक टप्प्यावर भिंत काही तरी सांगत असते आणि बहुतेक ठिकाणी घरमालक त्या सांगण्यावर पुट्टी फिरवून दोन हात रंग देतो. रंगाने डाग झाकला जातो. पाणी मात्र आत तसेच राहते. पुढच्या भाद्रपदात डाग पुन्हा उमटतो तेव्हा दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो.

मुंबईइतकी या प्रश्नाची झळ अन्य कोणत्याही शहराला लागलेली नसेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि भाडेकरूला वाटे की घर आपले नव्हे. कायद्यात दुरुस्तीचे कर्तव्य मालकाचेच होते, आणि त्याने ते टाळले तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करून घ्यावी व खर्च मर्यादेत भाड्यातून वळता करावा, अशीही सोय होती. पण ती वापरायला निदान दुरुस्ती कशाची करायची हे कळावे लागते. अखेर १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले, तेव्हा उपकर लागू असलेल्या जुन्या इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांतील कित्येक आज उरलेल्या नाहीत. काहींची पुनर्बांधणी झाली, काही पाडाव्या लागल्या आणि काही पडल्या. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावातील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसे गेली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत पडून ३३ गेली. या दुर्घटनांची कारणे वेगवेगळी आणि ती गिलाव्याच्या पलीकडली होती. गिलावा नीट केला असता तर ही माणसे वाचली असती, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण खांबाचे दुखणे पुष्कळदा प्रथम दिसते ते त्याच्या कातडीवरच, आणि ते वाचता येणारा माणूस त्या इमारतीत राहत असला तर अभियंत्याला वेळेवर बोलावले जाण्याची शक्यता वाढते. डागडुजीच्या शिक्षणाचा पहिला धडा हाच असला पाहिजे: हाताने काय करायचे, आणि कशाला हात लावायचा नाही. खांबावरची उभी भेग, तुळईखालची तिरकस भेग, रुंदावत जाणारी कोणतीही भेग ही गवंड्याच्या अखत्यारीतली नाही. भेग वाढते आहे की नाही हे पाहण्याची युक्ती जुनीच आहे. तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवून वर तारीख लिहायची. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे.

चुना आणि सिमेंट

याहूनही अधिक दुर्लक्षित आहे ते जुन्या वाड्यांचे आणि दगडी इमारतींचे दुखणे. पुणे, सातारा, वाई, नाशिक, पैठण येथील वाडे आणि मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील इमारती चुन्यात बांधलेल्या आहेत. देशावर चुनखडी भाजणारे लोणारी होते. दगडी वाटोळ्या चरात बैल जुंपून चुन्याची घाणी फिरवली जाई आणि त्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, मेथी, हिरडा यांसारखी द्रव्ये गरजेनुसार पडत. हा चुना सिमेंटपेक्षा मऊ असतो, आणि ते त्याचे उणेपण नसून गुण आहे. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. इमारत किंचित हलली तर चुना थोडा वाकतो; त्याला पडलेली बारीक भेग पाणी आणि हवा यांच्या योगाने काही अंशी आपोआप सांधते.

अशा भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा चढवला की काय होते, हे महाराष्ट्रातील कुठल्याही जुन्या पेठेत फिरून पाहता येते. जमिनीतून वर चढलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळत नाही. ती सिमेंटच्या पाठीमागे साठते, पाण्यातील क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात, भिंतीला लोणा लागतो आणि विटेची भुकटी होऊ लागते. दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा सुटतो आणि जाताना विटेचा दर्शनी भागही घेऊन जातो. गावोगावच्या देवळांवर दगडाच्या दरजा सिमेंटने भरून आणि वर तैलरंग देऊन जे ‘जीर्णोद्धार’ चालतात, त्यांतही हाच प्रकार आहे. भक्तिभावाने केलेले हे काम म्हणून कोणी बोलत नाही एवढेच. दगडाच्या दरजा चुन्याने भरायच्या असतात. दरज ही दगडापेक्षा मऊ असावी लागते, म्हणजे झीज व्हायचीच झाली तर ती बदलता येण्याजोग्या भागाची व्हावी. हा एवढा एक नियम प्रत्येक गावच्या देवस्थान समितीला पटला तर पुष्कळ शिल्पे वाचतील.

यावरून दिसते की डागडुजी न करण्यापेक्षा चुकीची डागडुजी अनेकदा अधिक महाग पडते. आणि योग्य डागडुजी ही काही गूढ कला नव्हे. गिलाव्याचा सुटलेला तुकडा बदलण्याचेच काम घ्यावे. प्रथम पाणी कुठून येते ते शोधायचे: तुंबलेली पन्हळ, खिडकीच्या छज्जाला खालून न ठेवलेली पाणतोडीची खाच, वरच्या मजल्यावरच्या मोरीचा सांधा, भिंतीत रुजलेला पिंपळ. ते थांबवल्याशिवाय करणी हातात घ्यायची नाही. मग लाकडी हातोडीने भोवतालचा गिलावा ठोकून पाहायचा. खणखणीत वाजतो तो ठेवायचा, बद्द वाजतो तो काढायचा, आणि काढताना कडा चौकोनी व आत किंचित कापलेल्या ठेवायच्या म्हणजे नवा थर धरून राहतो. विटांच्या दरजा अर्धा इंचभर खरवडायच्या, धूळ झाडायची, भिंत भिजवायची. कोरडी वीट नव्या गिलाव्यातले पाणी शोषून घेते, आणि पाणी गेलेले सिमेंट म्हणजे नुसती राखाडी माती. माल कालवायचा तो अर्ध्या तासात संपेल एवढाच. आळू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करणे हा नाक्या-नाक्यावर रोज घडणारा अपराध आहे. एका थराची जाडी सुमारे अर्धा इंच. खड्डा खोल असेल तर दोन थर, पहिला खरबरीत ठेवून. वरून रंधा. आणि त्यानंतर किमान सात दिवस पाणी.

या सात दिवसांपाशीच बहुतेक सारी कामे फसतात. गिलावा करणारा मजुरी घेऊन दुसऱ्या कामावर गेलेला असतो, पाणी मारण्याचे काम कोणाचे हे ठरलेले नसते, आणि रंगारी तिसऱ्या दिवशीच दारात उभा असतो. ओल्या, अल्कधर्मी गिलाव्यावर तैलरंग दिला की त्या रंगातील तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि पापुद्रे सुटतात. भारतीय मानक संस्थेने सिमेंटच्या गिलाव्यासाठी १९७२ साली केलेली कार्यसंहिता उपलब्ध आहे. पण ती इंग्रजीत आहे आणि अभियंत्याच्या कपाटात आहे. जो माणूस प्रत्यक्ष रंधा फिरवतो, त्याच्या हाती ती कधीच पडत नाही.

जुना रंग खरवडतानाची काळजी हा आणखी एक विषय आहे. घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर देशात कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. त्याआधीच्या रंगांचे थर अजून भिंतींवर, दारा-खिडक्यांवर आहेत. ते कोरडे घासले तर ती धूळ घरातल्या रांगत्या मुलाच्या पोटात जाते. भिंत ओली करून खरवडणे, तोंडाला फडके बांधणे, खाली पडलेले झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेणे, यांना काहीच खर्च येत नाही.

नाक्यावरचा गवंडी

मग हे काम आज करतो कोण? मुंबई, ठाणे, पुणे येथील मजूर नाक्यांवर सकाळी हातात करणी आणि ब्रश घेऊन उभी असलेली माणसे. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली. त्यांतील बहुतेकांनी बिगारी म्हणून घमेली वाहता वाहता, गवंड्याचा हात पाहून जे उचलले तेच त्यांचे शिक्षण. ते कमी प्रतीचे असते असे नाही. ओळंब्याशिवाय भिंतीचा कल ओळखणारे डोळे कोणत्याही शाळेत तयार होत नाहीत. पण नवे बांधणे आणि जुने सांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे बांधणाऱ्याला एकच साहित्य, एकच प्रमाण ठाऊक असले तरी चालते. डागडुजी करणाऱ्याला आधी निदान करावे लागते. आणि नाक्यावरच्या माणसाला निदानाचे पैसे कोणी देत नाही. त्याला दिवसाची मजुरी मिळते, आणि ती भिंत किती झाकली यावर.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. परंतु पालकांची आणि मुलांची ओढ फिटर, इलेक्ट्रिशियन यांच्याकडे; गवंडीकामाला ‘ट्रेड’ म्हणून प्रतिष्ठा नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण घरकुल योजनेत गवंड्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे आणि ती स्वागतार्हच होती. मात्र तिचा रोख नवे घर उभे करण्यावर. ते घर वीस वर्षांचे झाल्यावर त्याच्या भेगा कोणी भरायच्या, हा प्रश्न त्या योजनेने स्वतःला विचारलेला नाही. घरकुल मिळालेल्या बाईने कदाचित पन्नास वर्षे मातीची भिंत लिंपली असेल. तिच्या हाताला सिमेंटच्या भेगेची ओळख करून द्यायला दोन दिवस पुरेसे होते. चावी देण्याच्या समारंभाला मंत्री येतात. हे दोन दिवस मात्र कोणाच्या आराखड्यात नाहीत.

याच महाराष्ट्रात वेगळा प्रयोगही झालेला आहे. संशोधक म्हणून उद्योगक्षेत्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकणे हे त्यांचे सूत्र. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा तेथे आकाराला आलेला विषय पुढे राज्याच्या माध्यमिक शाळांत पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य झाला. आठवी ते दहावीची मुले त्यात मोजमाप, बांधकाम, वीज, शेती यांची खरी कामे करतात. शाळेला आणि गावाला लागणारी कामे करून देतात. शाळेच्या भिंतीचा पोपडा हा अशा वर्गाला पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला धडा ठरतो, कारण त्यात रसायनशास्त्र, गणित आणि जबाबदारी एकदम शिकता येते. याच्याशी राज्यातील शाळांमधल्या ‘कार्यानुभवा’ची तुलना केली तर खेद होतो. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिफारस केलेला हा विषय पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्याची फुलदाणी आणि आईने करून दिलेले तोरण यांवरच संपला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ बसावे अशी कल्पना आहे. त्या यादीत गवंडी असावा, आणि त्याच्या हातात नवी वीट नसून जुनी भिंत असावी.

पैशाची सबब येथे फार टिकत नाही. बांधकाम मजुरांसाठी बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घेतला जातो, आणि हा निधी मजुरांपर्यंत पोचत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना कडक शब्दांत सुनावले होते. नाक्यावरच्या माणसाला आठ दिवस मजुरी देऊन एखाद्या जुन्या सरकारी इमारतीवर डागडुजी शिकवली तर त्याचे कौशल्य वाढेल आणि इमारतही सुधारेल. शहरांतील सरकारी वसाहती, शाळा, रुग्णालये यांच्या भिंतींकडे पाहिले तर अशा वर्गांना जागेची वाण पडण्याचे कारण नाही. त्याच वर्गात परांचीवर आणि दोराच्या पाळण्यावर काम करताना कमरेचा पट्टा का बांधायचा, चुना डोळ्यांत उडाला तर काय करायचे, हेही शिकवता येईल. मे महिन्यात उंच इमारतींच्या बाहेरून एका दोरावर लोंबकळणारे रंगारी पाहिले म्हणजे ही गरज किती निकडीची आहे ते कळते.

उरला तो गृहनिर्माण संस्थांचा प्रश्न. आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी दर वर्षी बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्क्याची वर्गणी सांगितली आहे; १५ ते ३० वर्षांच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढच्यांची तीन वर्षांतून एकदा व्हावी असेही आहे. म्हणजे पैसा आणि डॉक्टर या दोहोंची सोय कागदावर झालेली आहे. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात इमारतीची नाडी पाहणारा मात्र कोणी नाही. सेक्रेटरी हा बहुधा बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेला सज्जन गृहस्थ. कंत्राटदार सांगेल ते खरे मानण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. अशा माणसाला हातोडीचा आवाज ओळखायला आणि निविदेत चार ओळी घालायला शिकवले तर बराच फरक पडेल: गिलावा बद्द वाजेल तिथवर काढणे, सळई उघडी पडल्यास ती सभोवती मोकळी करून गंज निघेपर्यंत घासणे, कालवलेला माल अर्ध्या तासात वापरणे, आणि सात दिवस पाणी मारण्याची स्वतंत्र, वेगळ्या दराची बाब. शेवटची बाब वेगळी लिहिली नाही तर ती होत नाही.

कामाचा हंगामही बदलावा लागेल. आज बहुतेक संस्थांना जाग येते ती एप्रिल-मेमध्ये. तेव्हा गवंडी महाग, पाण्याची टंचाई, आणि गिलावा पुरता वाळण्याआधीच मृग दाराशी. याउलट, संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात. त्या वेळी पाऊस ओसरत असतो, भिंतींवरचे डाग ताजे असतात, कोणाच्या मोरीचे पाणी कोणाच्या छतात उतरते हे लपवता येत नाही. प्रत्येक सभासदाने आपल्या खोलीतल्या ओलीची जागा आणि तारीख एका वहीत लिहून ती वही त्या सभेपुढे ठेवली, तर दिवाळीनंतर परांची बांधता येईल आणि होळीपूर्वी ती उतरवता येईल.